धुण्याच्या बाल्कनीतला जाझ

गिटार मी मागितली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही झालं त्यात "तुम्हाला सांगितलं होतं कुणी?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की शेवटी मी उत्तर देणंच सोडून दिलं.

माझ्या मेव्हण्याची बदली झाली. त्याचं सामान ट्रकमध्ये मावेना. आणि मेव्हण्याच्या आयुष्यात जे कशातच मावत नाही ते आमच्या घरी येतं, अशी पद्धतच पडून गेली आहे. मागच्या बदलीला व्यायामाची सायकल आली. तिच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. या खेपेस गिटार आली. इलेक्ट्रिक, लालभडक, फळीसारखी सपाट आणि उचलताना कमरेत लचक भरेल इतकी जड. या गिटारीचा आवाज जो मोठा करतो तो डबा मात्र ट्रकमध्ये मावला. म्हणजे आवाज त्याच्याकडे आणि गिटार माझ्याकडे.

हिने ती दिवाणखान्यात भिंतीवर टांगली. म्हणाली, "रंग छान दिसतोय पडद्यांवर." प्रकरण इथेच मिटायला हवं होतं. पण भिंतीवर गिटार टांगली की घरात पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस विचारतो, "अरे वा! कोण वाजवतं?" विम्याचा एजंट विचारतो, फ्रिज दुरुस्त करणारा विचारतो, हिच्या मैत्रिणी तर चपला काढायच्या आधी विचारतात. "कुणीच नाही," असं सांगितलं की ते आधी गिटारीकडे कीव करून बघतात आणि मग तशाच नजरेनं माझ्याकडे. असं किती दिवस सहन करायचं? एका रविवारी फ्रिजवाल्याला मी म्हणून गेलो, "मी वाजवतो."

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "कधीपासून?"

"शिकतोय," मी म्हणालो. आता शिकणं आलं.

चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर एक मास्तर गिटार शिकवतात हे मला फलकावरून माहीत होतं. माडीवर गेलो. मास्तर किडकिडीत, पांढरी दाढी, डोळे कायम अर्धे मिटलेले. मी म्हणालो, "एखादं सोपं गाणं शिकवा. कुणी विचारलं तर वाजवून दाखवता येईल असं. मग माझं काम झालं."

"गाणं?" मास्तरांनी डोळे पूर्ण उघडले. "गाणं कुणीही वाजवतं. मी जाझ शिकवतो."

जाझ म्हणजे काय, हे त्यांनी मला जसं सांगितलं तसं सांगतो. चार स्वर एकदम वाजवले की कॉर्ड होते. तेच चार स्वर एकेक करून, पायऱ्या चढल्यासारखे वाजवले की अर्पेजिओ होतो. इथपर्यंत ठीक. पण मग कॉर्ड बदलत राहतात, तुम्ही त्यांच्या पायऱ्या चढत-उतरत राहता, आणि कुठली पायरी कधी घ्यायची हे आधी ठरवायचं नाही. ते ऐनवेळी सुचायला हवं.

"आणि नाही सुचलं तर?"

"मग सुचेपर्यंत वाजवायचं."

मी वीज कंपनीच्या बिल तक्रार कक्षात काम करतो. आमच्याकडे कुणाला ऐनवेळी काही सुचलं तर त्याची चौकशी लागते. आयुष्यभर मी मागच्या पत्राचा संदर्भ देऊनच पुढचं पत्र लिहीत आलो आहे. हे मी मास्तरांना नम्रपणे सांगितलं. ते म्हणाले, "तर मग तुम्हाला याची फार गरज आहे," आणि नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा माझ्या हातात दिला. त्याला पिक म्हणतात. त्याने तार छेडायची. एकदा खाली, एकदा वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. काय वाट्टेल ते झालं तरी हा क्रम चुकवायचा नाही. दोनदा लागोपाठ खाली गेलं की मास्तर टेबलावर चष्म्याची डबी आपटायचे. तार बदला, पायरी बदला, घर पेटू दे, हात खाली-वर चाललाच पाहिजे. यालाच म्हणे तंत्र म्हणतात. आमच्या ऑफिसात याला कारकुनी म्हणतात, म्हणून मला हा भाग लवकर जमला.

अडचण सरावाची होती. मी आमच्या इमारतीचा सेक्रेटरी आहे. "इमारतीत कोणतेही वाद्य वाजवू नये" हा नियम मीच केलेला आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर बासरीकाका राहतात, त्यांच्या बासरीवरून बरंच रामायण झालं तेव्हा केलेला. तेव्हापासून बासरीकाका माझ्याशी बोलत नाहीत. मी फलकावर लावलेल्या सूचनांमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तेवढ्या लाल पेनाने दुरुस्त करून जातात. अशा माणसाच्या पायांखाली बसून मी गिटार वाजवणार कशी?

पण विनाडब्याची इलेक्ट्रिक गिटार जवळजवळ मुकीच असते, हे मला मेव्हण्याने फोनवर सांगितलं. "तारांखाली जुना मोजा खुपस," तो म्हणाला, "म्हणजे स्वरसुद्धा येत नाही. नुसता हात तयार होतो." मोजा खुपसला. दिवाणखान्यात हिच्या फोनवरच्या गप्पा असतात आणि झोपायच्या खोलीत इस्त्रीचे कपडे. उरली धुण्याची बाल्कनी. तिथे एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला सगळ्या मजल्यांमधून जाणाऱ्या नळांचा डक्ट, मध्ये मी स्टुलावर. गिटार जड, म्हणून तिचं डोकं मी डक्टमध्ये जाणाऱ्या पाण्याच्या जाड पाइपावर टेकवायचो. ऑफिसमधून आलो, चहा घेतला, की बाल्कनीचं दार लावून खाली-वर, खाली-वर. कुणाला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. मला स्वतःला जेमतेम ऐकू यायचं.

आणि नेमकं त्याच सुमारास इमारतीत उंदीर झाला.

तक्रार घेऊन आले ते आमच्या खालच्या मजल्यावरचे मोजणीसाहेब. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. जन्मभर लोकांची शेतं आणि कुंपणं मोजली, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची लांबी, रुंदी आणि दिशा ठरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"सेक्रेटरी, डक्टमध्ये उंदीर आहे," ते म्हणाले. "पाइप कुरतडतोय. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावला की स्वच्छ ऐकू येतं."

मी टॉर्च घेऊन तडक त्यांच्याकडे गेलो. सेक्रेटरी म्हणून माझ्यावर कुणी निष्काळजीपणाचा ठपका ठेवलेला मला खपत नाही. मोजणीसाहेबांनी भिंतीला स्टीलचा पेला लावून त्याच्या बुडाला कान चिकटवला. मीही दुसरा पेला घेतला. दोघे बराच वेळ तसे उभे राहिलो. काहीही नाही.

"तुमची चाहूल लागली त्याला," मोजणीसाहेब कुजबुजले. "हुशार आहे."

मी वर आलो, चहा घेतला आणि सरावाला बसलो. पंधरा मिनिटांत दार वाजलं. "तुम्ही वर गेलात आणि लगेच सुरू झाला!" आम्ही पळत खाली. पुन्हा शांतता. असं त्या आठवड्यात कितीदा झालं याची गणतीच नाही. मला त्या उंदराचा इतका राग आला! माझा सगळा सराव बुडत होता.

मोजणीवहिनी उंदराच्या भीतीने बहिणीकडे निघून गेल्या. "उंदीर गेल्याशिवाय मी या घरात पाय ठेवणार नाही," असं दारात उभं राहून, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून गेल्या. मोजणीसाहेबांना चहासुद्धा करता येत नाही. हिने माणुसकीने म्हटलं, "भावजी, वहिनी येईपर्यंत जेवायला आमच्याकडेच येत जा." झालं! दोन्ही वेळा ते आमच्या टेबलाशी. भाजीत मीठ कमी की जास्त हे ते नेमकं किती ते सांगायचे.

मी सेक्रेटरी म्हणून हालचाल सुरू केली. फलकावर सूचना लावली. बासरीकाकांनी 'मूषक'मधला ऊकार सुधारला. पेस्ट कंट्रोलवाला बोलावला. तो डक्टच्या झडपेतून हात पोचेल तिथे पिंजरे लावून गेला आणि म्हणाला, "साहेब, लेंड्या कुठेच दिसत नाहीत. असा स्वच्छ उंदीर मी पहिल्यांदाच बघतो." पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी प्लेगविषयी माहिती सांगितली, कुणी विचारलं नव्हतं तरी. सगळ्यांनी लावून धरलं की आरोग्य खात्याकडे तक्रार करा. मी केली. माझ्या सहीने, इमारतीच्या शिक्क्यासह. दिवसभर लोकांच्या तक्रारी घेत असल्यामुळे तक्रार कशी लिहावी म्हणजे ती मागे घेता येत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तशीच लिहिली.

त्या संध्याकाळी जेवताना मोजणीसाहेब रंगात आले होते.

"मी त्याचा नीट अभ्यास केलाय," ते म्हणाले. "त्याची एक पद्धत आहे. ऐका." आणि त्यांनी टेबलाच्या कडेवर नखाने वाजवून दाखवलं. खर-खर-खर-खर, वर. खर-खर-खर-खर, आणखी वर. मग एकदम थांबले.

तो माझा अर्पेजिओ होता. दुसऱ्या कॉर्डवरचा, मास्तरांनी त्याच आठवड्यात दिलेला. खाली-वरसुद्धा बरोबर होतं.

"सरसर चढतो," मोजणीसाहेब सांगत होते, "आणि वरच्या टोकाला गेला की अडकतो. उतरायची वाटच सापडत नाही बिचाऱ्याला. पुन्हा पहिल्यापासून चढतो."

मास्तर मला हेच सांगून थकले होते. कॉर्ड बदलते तिथे मी थांबतो. नवीन कॉर्डची पहिली पायरी शोधायला खाली धावू नका, जिथे आहात तिथून सगळ्यांत जवळचा स्वर पकडा, अर्ध्या पावलावर असतो, आणि तिथून उतरा. आता हेच मला उंदरावरून ऐकावं लागत होतं.

"पण एक सांगतो," मोजणीसाहेबांनी बोट वर केलं. "प्रगती आहे हं. सुरुवातीला अडखळत कुरतडायचा. आता काय सफाई आलीय!"

तुमच्यापासून काय लपवायचं, त्या क्षणी मला बरं वाटलं. माझ्या वाजवण्याला जन्मात मिळालेली ती पहिली दाद. समोर पाहिलं तर ही भाजीच्या भांड्यात डाव घालून शांतपणे माझ्याकडे बघत होती.

मोजणीसाहेब गेल्यावर मी म्हणालो, "तुला कळलं?"

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही टॉर्च घेऊन इतके मनापासून शोधत होतात," ही म्हणाली, "माझ्याच्याने सांगवेना."

सरळ जाऊन सांगायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण स्वतः केलेला नियम स्वतः मोडलेला सेक्रेटरी, ज्याने स्वतःविरुद्ध आरोग्य खात्याकडे शिक्क्यानिशी तक्रार केली आहे, आणि ज्याच्यापायी शेजारीण घर सोडून गेली आहे, त्याने नेमकी कुठून सुरुवात करायची? मी सोपा मार्ग काढला. गिटार पलंगाखाली सारली. वाजवणं बंद म्हणजे उंदीर बंद, वहिनी परत, विषय संपला.

दोन-तीन दिवस गेले. मोजणीसाहेबांचा चेहरा उतरलेला.

"आवाज नाही," ते म्हणाले.

"छान झालं की! गेला."

"गेला कुठे? डक्ट दोन्हीकडून बंद आहे. मेला तो, सेक्रेटरी. आतच मेला."

ही बातमी जिन्यातून वर आणि खाली एकाच वेळी गेली. दुसऱ्या दिवसापासून इमारतीला वास यायला लागला. नसलेल्या उंदराचा! डॉक्टरीणबाईंना सकाळी यायचा, तळमजल्यावरच्या शिंप्याला दुपारी. बासरीकाकांना तर एवढा आला की माझ्याशी न बोलण्याचा नेम मोडून ते जिन्यात म्हणाले, "दुर्गंध. दु ऱ्हस्व." कमिटीने ठरवलं की डक्टची भिंत फोडायची. भिंत म्हणजे कुठली? माझ्या धुण्याच्या बाल्कनीतली. गवंडी येऊन खडूने चौकोन आखूनसुद्धा गेला.

आता मला सांगा, माझ्यापुढे दुसरा काय इलाज होता? मी पलंगाखालून गिटार काढली, स्टुलावर बसलो आणि पाइपाला तिचं डोकं टेकवून उंदीर जिवंत केला.

"जिवंत आहे!" खालून मोजणीसाहेबांची आरोळी आली. आवाजात असा आनंद, की जणू तुरुंगातून सुटून मुलगा घरी आला. खडूचा चौकोन तसाच राहिला. पण माझं काय झालं ते बघा. यापुढे रोज वाजवणं मला भागच होतं. एक दिवस चुकला की गवंडी. ताप आला तरी वाजवलं. ही मला आठवण करायची, "अहो, उंदीर राहिलाय आजचा."

मास्तर खूश झाले. "नियमित सराव दिसतोय," म्हणाले. आणि त्यांनी पुढचा धडा दिला. सवाल-जवाब. एक तुकडा खालच्या तारांवर वाजवायचा, त्याला उत्तर वरच्या तारांवर द्यायचं. मी प्रामाणिक विद्यार्थी. घरी येऊन तोच सराव केला. जेवायला आलेले मोजणीसाहेब खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "दोन झाले! एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. सेक्रेटरी, त्यांनी संसार थाटलाय."

फलकावर कुणीतरी लिहिलं, "पिल्लांची वाट बघणार का?" बासरीकाकांना त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही सापडलं नाही.

शेवटी आरोग्य खात्याचे निरीक्षक आले. जाडजूड फाइल, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि जिना चढल्यामुळे आधीच वैतागलेले. त्यांच्यामागून मोजणीसाहेब, डॉक्टरीणबाई, शिंपी, बासरीकाका, अशी सगळी इमारत माझ्या घरात शिरली, कारण डक्टची तपासणी माझ्या बाल्कनीतून व्हायची होती. निरीक्षकांनी टॉर्च मारला, हुंगलं आणि निकाल दिला.

"लेंड्या नाहीत, बीळ नाही, पण आवाज आहे असं तक्रारीत लिहिलंय. म्हणजे आतल्या पोकळीत घरटं आहे. धुरी द्यावी लागेल. इमारत पूर्ण रिकामी करा. सगळ्यांनी सामान झाकून दोन दिवस दुसरीकडे जायचं."

एकच गलका झाला. डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई अंथरुणावर होत्या, त्यांना कुठे हलवायचं? शिंप्याकडे कुणाच्या तरी कपड्यांचे ढीग पडले होते. बासरीकाकांना जायला दुसरं घर नाही हे मला माहीत होतं. आणि मोजणीसाहेब माझा दंड धरून म्हणाले, "सेक्रेटरी, धुरीने ते दोघे मरतील हो. काहीतरी करा."

मी हिच्याकडे पाहिलं. हिने नुसती मान हलवली.

"साहेब," मी निरीक्षकांना म्हणालो, "उंदीर नाही. तो आवाज माझा आहे."

"म्हणजे?"

"मी गिटार वाजवतो. जाझ. या स्टुलावर बसून."

निरीक्षकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि फाइल उलटसुलट केली. "यात तसा रकाना नाही," ते म्हणाले. "आणि तक्रारदार तुम्हीच दिसता."

"हो."

"तुम्ही तुमच्याविरुद्ध तक्रार केलीत?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"तक्रार मागे घेता येणार नाही. फार पक्की लिहिलीय. तपासणी करून खात्री करावी लागेल. वाजवून दाखवा."

मी गिटार आणली. लाल रंग बघून शिंपी "अरे बापरे" म्हणाला. मोजणीसाहेब कुणाकडेही न बघता पेला घेऊन तडक खाली त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. खात्री करायची तर जागेवरूनच, असा त्यांचा खाक्या. मी स्टुलावर बसलो. सबंध इमारत धुण्याच्या बाल्कनीत आणि तिच्या दारात दाटीवाटीने उभी. मोजा खुपसला, पाइपाला डोकं टेकवलं आणि सुरू केलं. खाली-वर, खाली-वर.

"हाच!" डक्टमधून मोजणीसाहेबांचा आवाज घुमला. "हाच तो! शंभर टक्के!"

थांबायला हरकत नव्हती. खात्री झाली होती. पण हात चालूच राहिला, कारण तो थांबवायचा नाही एवढंच मला शिकवलं होतं. पहिली कॉर्ड चढलो. दुसरी चढलो. वरच्या टोकाला आलो, आणि नेहमीसारखा अडकलो. हात खाली-वर चाललाय, एकाच तारेवर, एकाच स्वरावर, आणि पुढे अंधार. बासरीकाकांच्या भुवया वर गेलेल्या मला दिसल्या.

"उतर!" डक्टमधून आवाज आला. "अरे उतर की आता! चढून बसतोस रोज! उतर!"

तशा अवस्थेत माणूस काय करणार? मी बोट सरकवलं. कुठे ते मला माहीत नव्हतं. गिटारीच्या दांडीवरच्या शेजारच्याच घरात पडलं, अर्ध्या पावलावर. चुकलं असं वाटलं, पण चुकलं नव्हतं. तिसरी कॉर्ड तिथेच उभी होती, दार उघडं ठेवून. तिथून मी एक पायरी उतरलो, मग दुसरी. मध्येच एक पायरी गाळली, मागे वळून तीही घेतली, असं कुणी शिकवलं नव्हतं, आणि तळाच्या तारेवर येऊन थांबलो.

"उतरला!" खालून मोजणीसाहेब ओरडले. "उतरला हो!" आणि पेला फरशीवर पडल्याचा आवाज आला.

वर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोज्यामुळे त्यांना नुसती खरखर ऐकू आली होती. निरीक्षकांनी अहवाल लिहिला. उपद्रवाचा प्रकार: इतर. उपाययोजना: संबंधित रहिवाशास समज देण्यात आली. खाली माझी सही घेतली, दोन ठिकाणी. तक्रारदार म्हणून आणि उपद्रव म्हणून.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. कमिटीत माझी खरडपट्टी निघाली. वाद्यबंदीचा नियम रद्द झाला. आता संध्याकाळी वरून बासरी येते, आणि खरं सांगायचं तर बरी येते. मोजणीसाहेब मात्र आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. फसवलं याचा राग मी समजू शकतो. पण एकदा जिन्यात मी क्षमा मागायला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "फसवलंत ते फसवलंत हो. पण दोघं आहेत असं मला वाटलं होतं." आणि खाली बघत निघून गेले. त्या संध्याकाळी मी सवाल-जवाब जरा जास्त वेळ वाजवला.

मोजणीवहिनी तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी परत आल्या होत्या. भेटायला जाणं भाग होतं. मी आणि ही, आम्ही दोघे तोंड पाडून दारात उभे. मी म्हणालो, "वहिनी, माझ्यामुळे तुम्हाला घर सोडावं लागलं. मला खरंच लाज वाटते."

वहिनींनी मागे वळून पाहिलं. मोजणीसाहेब आत खिडकीच्या नव्या पडद्याला फूटपट्टी लावत होते. वहिनींनी हळूच दार ओढून घेतलं.

"उंदराला कोण घाबरतंय, भावजी?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "मी शेतावर वाढलेली बाई. पण लग्न झाल्यापासून बहिणीकडे चार दिवस निवांत राहायला मिळालं नव्हतं. 'कशाला? किती दिवस? कुठल्या गाडीने?' एवढं सगळं कोण सांगत बसणार? उंदीर म्हटल्याबरोबर एक प्रश्न विचारला नाही यांनी. स्वतः बॅग उचलून स्टॉपवर पोचवलं."

"आता उंदीर काही पुन्हा चालायचा नाही," वहिनी विचार करत म्हणाल्या. "पण मे महिन्यात भाचीची परीक्षा संपते. तोवर तुमच्या त्या गिटारीवर वटवाघळाचं काही जमेल का?"

हिने माझ्या कोपराला चिमटा काढला. मास्तरांना विचारून सांगतो, असं म्हणून मी जिना चढलो.